देव ऋणी होतो काय? : वारकरी चरित्रपरंपरेतील सदाचार, पुण्य आणि ऋण यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मनुष्य नीतीने वागला तर त्यापासून ईश्वराचा काही लाभ होतो काय, आणि त्या वर्तनामुळे ईश्वर मनुष्याचा ऋणी ठरतो काय, हा प्रश्न ईश्वर मानणाऱ्या बहुतेक धर्मपरंपरांना कधी ना कधी सोडवावा लागला आहे. हिब्रू धर्मग्रंथातील ईयोबाच्या पुस्तकात तो अत्यंत स्पष्टपणे उपस्थित झाला आहे. निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेला ईयोब देवाकडे न्यायाची मागणी करतो. तेव्हा एलीहू त्याला बजावतो की, तुझ्या पापाने देवाची हानी होत नाही आणि तुझ्या सदाचाराने त्याच्या पदरात काही पडत नाही. तुझ्या बऱ्यावाईट वर्तनाचा परिणाम तुझ्यासारख्याच माणसांवर होतो. या युक्तिवादातून ओघाने निघणारा निष्कर्ष असा की, ज्याला काही मिळालेच नाही तो ऋणी कसा होणार?

मराठी संतचरित्रांचा वाचक या निष्कर्षापाशी थबकतो. कारण त्याच्या परिचयाचा विठ्ठल भक्ताच्या घरी पाणी भरतो, दळण दळतो, भक्ताचे सरकारी देणे स्वतः भरतो आणि पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर युगानुयुगे तिष्ठत उभा राहतो. या देवाच्या ठायी अपूर्णता आहे, असे मात्र कोणताही संत म्हणत नाही. परिपूर्ण असूनही ऋणी असलेला देव ही कल्पना तर्कदृष्ट्या विसंगत आहे, की तिच्यामागे निराळा विचार आहे, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, वारकरी परंपरेच्या आधी भारतीय विचारात या प्रश्नाची कोणती उत्तरे उपलब्ध होती, हे संक्षेपाने पाहणे. दुसरे, पंढरपूरचे कोरीव लेख आणि महिपतीचे चरित्रग्रंथ यांच्या आधारे देवाच्या ऋणाची कल्पना तपासणे. तिसरे, या कल्पनेचा सामाजिक व्यवहाराशी आलेला संबंध चोखामेळ्यापासून १९४७ च्या मंदिरप्रवेशापर्यंत पाहणे. चरित्रग्रंथांतील चमत्कार घडले किंवा नाही, हा येथे अभ्यासाचा विषय नाही. चमत्कार ही ऐतिहासिक घटना नसली तरी ती कथा रचली जाणे, ऐकली जाणे आणि शतकानुशतके सांगितली जाणे ही निश्चितच ऐतिहासिक घटना आहे. तिच्यातून त्या समाजाने न्याय, देणे आणि घेणे यांविषयी काय मानले, हे समजू शकते.

पूर्वपरंपरा : फळ कोण देतो?

वैदिक विचारात मनुष्य हाच मूलतः ऋणी आहे. तैत्तिरीय संहितेनुसार तो जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचे ऋण घेऊन येतो व अध्ययन, यज्ञ आणि संतती यांच्या द्वारे ते फेडतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाच्या द्वारे देव आणि मनुष्य यांनी परस्परांचे पोषण करण्याची कल्पना येते. येथे मनुष्याच्या कर्मापासून देवांना लाभ होतो, हे गृहीत आहे. तथापि त्याच अध्यायात पुढे श्रीकृष्ण आपल्याला तिन्ही लोकांत मिळवावयाचे काहीच उरलेले नाही असे सांगतो, आणि पाचव्या अध्यायात परमात्मा कोणाचे पाप किंवा पुण्य स्वीकारीत नाही असा विचार येतो. म्हणजे देवतांच्या पातळीवर देवघेव आणि परमेश्वराच्या पातळीवर परिपूर्णता, अशी ही दुहेरी मांडणी आहे.

पूर्वमीमांसेने या प्रश्नाला अधिक कठोर उत्तर दिले. जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामीने देवतेला शरीर असते, ती हविर्भाग भक्षण करते आणि प्रसन्न होऊन फळ देते, ही समजूत नाकारली. यज्ञाचे फळ कर्मापासून निर्माण होणाऱ्या 'अपूर्व' नामक शक्तीमुळे मिळते. येथे सदाचाराचे फळ निश्चित आहे, परंतु ते देण्यासाठी कोणी ऋणी असण्याची आवश्यकता उरत नाही. उलट वेदान्ताने ईश्वर हाच फलदाता मानला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयता यांचा आरोप येऊ शकतो, ही शंका उपस्थित करून तिचे निरसन केले आहे. शंकराचार्यांनी तेथे पर्जन्याचा दृष्टान्त दिला. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. पिकांतील भेद बीजांमुळे होतो. त्याचप्रमाणे ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने फळ देतो. तो कर्माची दखल घेतो, पण कर्माने बांधला जात नाही.

थोडक्यात, एलीहूचे उत्तर भारतीय परंपरेलाही अपरिचित नव्हते. देव परिपूर्ण आहे, म्हणून तो कोणाचे देणे लागत नाही, ही भूमिका येथे सुप्रतिष्ठित होती. वारकरी परंपरेने निराळी वाट धरली ती या पार्श्वभूमीवर.

पंढरपुरातील दोन नोंदी

पंढरपूरच्या इतिहासाची साधने या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. इ. स. १२३७ मधील होयसळ राजा सोमेश्वर याच्या कोरीव लेखात भीमरथीच्या तीरावरील पंडरगे या गावाचा आणि पुंडरीक मुनीचा उल्लेख येतो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिलालेखात विठ्ठलाच्या देवालयास दिलेल्या देणग्यांची व दात्यांची नोंद आहे. यादव राजा रामचंद्र आणि हेमाद्री यांची नावे त्यात येतात. ग. ह. खरे, शं. गो. तुळपुळे आणि रा. चिं. ढेरे यांनी या साधनांची चिकित्सा केली आहे.

चौऱ्यांशीचा लेख हा दानाचा दस्तऐवज आहे. कोणी देवास काय अर्पण केले, हे तो सांगतो. दानाने पुण्य प्राप्त होते, ही त्यामागील सर्वमान्य श्रद्धा होय. पुढे या शिळेला पाठ घासल्यास चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत भाविकांत रूढ झाली. देणगीची नोंद असलेला दगड काळाच्या ओघात स्वतःच मोक्षाचे साधन मानला गेला, ही गोष्ट पुण्याच्या हिशेबाची लोकमानसावरील पकड दाखविते.

त्याच क्षेत्रातील दुसरी नोंद दगडावर नसून कथेत आहे. पुंडलिक आपल्या आईवडिलांची सेवा करीत असतो. त्या सेवेने प्रसन्न झालेला देव भेटीस येतो. पुंडलिक सेवा सोडून उठत नाही. देवास उभे राहण्यासाठी वीट भिरकावतो आणि थांबावयास सांगतो. देव थांबतो. पुंडलिक ही ऐतिहासिक व्यक्ती होती काय, भीमेच्या पात्रातील त्याचे स्थान मुळात शिवस्थान होते काय, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनात कथेची रचना महत्त्वाची आहे. पुंडलिकाने देवासाठी काहीही केलेले नाही. त्याने देवास नैवेद्य दाखविला नाही, दान दिले नाही, स्तुती केली नाही. आलेल्या देवाकडे त्याने काही काळ पाठही फिरविली. त्याच्या सदाचाराचा संपूर्ण लाभ वृद्ध मातापित्यांना झाला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, देव बांधला गेला.

एलीहू म्हणतो की सदाचाराचा लाभ माणसांनाच होतो, म्हणून देव मुक्त आहे. पुंडलिकाची कथा सांगते की सदाचाराचा लाभ माणसांना झाला, म्हणून देव बांधला गेला. आधारविधान एकच असून निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. वारकरी विचाराचे वेगळेपण या ठिकाणी दिसते.

महिपतीच्या चरित्रग्रंथांतील देवाचे देणे

ही रचना एकाच कथेपुरती मर्यादित असती तर तिला फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु अठराव्या शतकातील महिपतीच्या ग्रंथांत ती वारंवार आढळते. ताहराबादच्या महिपतीने (१७१५-१७९०) 'भक्तविजय' हा ग्रंथ शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केला आणि 'भक्तलीलामृत' इ. स. १७७४ मध्ये. त्याच्या घराण्याकडे गावचे कुळकर्णपद होते आणि पुढे त्याने सरकारी कामासाठी लेखणी न धरण्याचा निश्चय केला, असे परंपरा सांगते. गावाच्या जमाखर्चाची भाषा जाणणाऱ्या या चरित्रकाराच्या लेखनात रोखे, हुंडी, पावती आणि वसुली यांचे संदर्भ सहजपणे येतात.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या संदर्भात सर्वांत महत्त्वाची आहे. दुष्काळात दामाजींनी बादशाही कोठारांतील धान्य भुकेल्या लोकांना वाटले. बेदरच्या दरबारातून त्यांना पकडण्याचा हुकूम निघाला. दरम्यान विठू महाराच्या रूपाने देव दरबारात गेला, धान्याची पूर्ण किंमत भरली आणि रीतसर पावती घेतली. ही पावती दामाजींना त्यांच्या पोथीत सापडली. या कथेतील व्यवहार काटेकोर आहे. धान्य बादशहाचे होते, लाभ भुकेल्यांना झाला, देणे दामाजींवर आले आणि ते देवाने फेडले. देवाला या व्यवहारातून काहीच मिळाले नाही. शिवाय हे देणे फेडताना त्याने गावगाड्यात सर्वांत खालच्या मानलेल्या सेवकाचे रूप घेतले.

पैठणच्या एकनाथांच्या (१५३३-१५९९) चरित्रातही हाच क्रम दिसतो. रामेश्वरास वाहण्यासाठी काशीहून आणलेल्या गंगेच्या कावडीतील पाणी नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना जेवू घातले. दोन्ही प्रसंगी देवासाठी किंवा पितरांसाठी राखून ठेवलेली वस्तू भुकेल्या-तहानलेल्या जीवाकडे वळविली गेली. तैत्तिरीय संहितेच्या भाषेत बोलावयाचे तर देवऋण आणि पितृऋण यांची फेड येथे लांबली. परंतु चरित्रकार सांगतो की देव रुष्ट झाला नाही. श्रीखंड्याच्या रूपाने तो बारा वर्षे नाथांच्या घरी पाणी वाहत राहिला. देवाचे पाणी गाढवाला पाजणाऱ्याच्या घरी देवाने पाणी भरावे, यातील संगती लक्षात घेण्यासारखी आहे.

या कथांना अपवाद आहेत, हे नमूद करणे आवश्यक आहे. जनाबाईबरोबर देव दळतो तो तिच्या नामस्मरणामुळे आणि प्रेमामुळे. एखाद्या परोपकाराच्या बदल्यात नव्हे. महिपतीने सांगितलेल्या नरसी मेहतांच्या कथेत देव हुंडी वटवितो, तेथेही भक्ताचा दृढ विश्वास हेच कारण आहे. त्यामुळे देवाच्या ऋणाचे एकमेव कारण परोपकार आहे, असे विधान करता येणार नाही. परंतु जेथे देव देणे फेडतो किंवा सेवा करतो, तेथे देवाला मिळालेल्या लाभाची परतफेड म्हणून तो तसे करीत नाही, एवढे मात्र या सर्व कथांतून निश्चितपणे दिसते.

ब्रीद : देवाने स्वतः स्वीकारलेले बंधन

मग हे बंधन येते कोठून? संतवाङ्मयात याचे उत्तर 'ब्रीद' या शब्दात सापडते. पतितांना पावन करणारा, अनाथांचा नाथ, दीनांचा कैवारी ही देवाची बिरुदे होत. नामदेवांच्या नावावरील अभंगांत भक्त देवाला त्याच्या या बिरुदाची आठवण करून देतो आणि ते खरे करून दाखविता येत नसेल तर ते मिरवू नये, असेही सुनावतो. येथे भक्त आपल्या पुण्याचा हवाला देत नाही. उलट तो स्वतःला पतित म्हणवितो. दावा उभा राहतो तो भक्ताच्या पुण्यावर नव्हे, तर देवाने स्वतः दिलेल्या शब्दावर. ज्याने काहीच घेतलेले नाही तोही शब्द देऊन बांधला जाऊ शकतो, हा व्यवहारातला साधा अनुभव येथे ईश्वराच्या बाबतीत लावला आहे. परिपूर्णता आणि बंधन यांतील विसंगती या कल्पनेने दूर होते.

तुकोबांच्या (१६०८-१६५०) बाबतीत ही भाषा अधिक अर्थपूर्ण होते, कारण ते सावकारी व वाणीपणा करणाऱ्या घराण्यातील होते. इ. स. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात दख्खन आणि गुजरात उद्ध्वस्त झाले. तुकोबांचे दिवाळे निघाले आणि त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून मरण पावली. पुढे बंधू कान्होबाशी वाटणी झाल्यावर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. देवाशी भांडणाऱ्या, त्याच्याकडे आपला हक्क मागणाऱ्या तुकोबांच्या अभंगांचे वाचन करताना हा संदर्भ दृष्टीआड करता येत नाही. देवाकडे देणे मागण्यापूर्वी त्यांनी माणसांकडचे येणे सोडले होते. कुळांना मिळालेली सूट ही देवाला दिलेली भेट नव्हती. तिचा लाभ कर्जात बुडालेल्या कुटुंबांना झाला. पुंडलिक, दामाजी आणि एकनाथ यांच्या कथांतील सूत्र येथे एका ऐतिहासिक व्यक्तीच्या आयुष्यात दिसते.

देवाने फेडले, समाजाने थकविले

या विचाराची दुसरी बाजू चोखामेळ्याच्या चरित्रात उघड होते. परंपरेनुसार देवाने चोखोबाबरोबर भोजन केले, त्याच्याबरोबर मेलेली ढोरे ओढली, त्याच्या पत्नीचे बाळंतपण केले. देवाच्या बाजूने पाहिले तर चोखोबाचे काहीच देणे बाकी राहिले नाही. परंतु चोखोबाला देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. त्यानंतर शतकानुशतके अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांची वारी त्या समाधीपाशीच संपत होती.

येथे प्रस्तुत विषयातील खरा पेच समोर येतो. देवाने ऋण फेडल्याची कथा सांगणारा समाज स्वतःचे ऋण फेडण्याचे टाळू शकतो. विठू महाराच्या रूपाने देव बेदरच्या दरबारात जाऊ शकतो, ही कथा कीर्तनात रंगविणाऱ्यांना प्रत्यक्ष महार मात्र महाद्वाराच्या आत चालत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पेचावर नेमके बोट ठेवले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत जोडलेल्या, गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी संतांविषयी असा आक्षेप नोंदविला की, संतांनी देवाच्या दृष्टीने सर्व माणसे समान आहेत असे सांगितले; माणसामाणसांतील समतेचा संघर्ष मात्र उभारला नाही. त्याच आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबाविषयीचा आदर आणि संतपरंपरेवरील आक्षेप या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून जनमत जागृत केले होते. मंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. या घटनेचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने असे की, हे उपोषण देवाकडे काही मागण्यासाठी नव्हते. देवाने आपला शब्द केव्हाच पाळला आहे, थकबाकी आहे ती माणसांची, अशी त्यामागील भूमिका होती. चोखोबाच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे अंतर काही पावलांचे आहे. ते पार करण्याचे काम देवाने करावयाचे नव्हते.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मनुष्याच्या सदाचाराने ईश्वराचा लाभ होत नाही, हे विधान ईयोबाच्या ग्रंथातील एलीहू आणि भगवद्गीता या दोहोंत भिन्न स्वरूपात आढळते. पूर्वमीमांसेने तर फळासाठी देवतेच्या प्रसन्नतेची गरजच नाकारली. वारकरी परंपरेनेही देवाला गरजू मानलेले नाही.

२. तथापि लाभ नाही म्हणून ऋण नाही, हा निष्कर्ष वारकरी परंपरेने स्वीकारला नाही. पुंडलिक, दामाजी आणि एकनाथ यांच्या कथांत सदाचाराचा लाभ वृद्धांना, भुकेल्यांना आणि तहानलेल्यांना होतो आणि देव ते देणे आपल्या अंगावर घेतो.

३. हे ऋण पुण्याच्या संचयातून निर्माण होत नाही. त्याचा आधार देवाचे ब्रीद, म्हणजे त्याने स्वतः स्वीकारलेले बंधन हा आहे. त्यामुळे पुण्यवान म्हणविणाऱ्यापेक्षा स्वतःला पतित म्हणविणाऱ्याचा दावा येथे अधिक बळकट ठरतो.

४. देवाने ऋण फेडल्याच्या कथांनी समाजाची जबाबदारी संपत नाही. चोखामेळ्याच्या मृत्यूपासून १९४७ पर्यंतचा सहा शतकांहून अधिक काळ याची साक्ष देतो.

एलीहूचे म्हणणे अर्धे खरे होते, असे वारकरी परंपरेच्या आधारे म्हणता येईल. आपल्या वर्तनाचा परिणाम आपल्यासारख्याच माणसांवर होतो, हे त्याचे निरीक्षण अचूक आहे. परंतु म्हणूनच देव त्यापासून अलिप्त राहतो, हे पुंडलिकाच्या विटेवर उभ्या असलेल्या देवाकडे पाहता पटत नाही. माणसांचे देणे माणसांनी फेडावे, यासाठीच तो तेथे थांबला आहे, असा या परंपरेचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक ठरते.